रॉबर्ट 'किंग' कार्टर

रॉबर्ट कार्टर (इ.स. १६६३ - ४ ऑगस्ट, इ.स. १७३२) हे ब्रिटिश अमलाखालील व्हर्जिनिया वसाहतीतील बडे जमीनदार, तंबाखूच्या मळ्यांचे मालक व राजकारणी होते. संपत्ती आणि सत्ता यांमुळे त्यांना 'किंग' म्हणजे राजा हे टोपणनाव मिळाले.

जीवन

कार्टर यांचा जन्म कोरोटोमन येथे झाला. धाकटे पुत्र असल्याने वडिलोपार्जित मालमत्तेचा मोठा भाग त्यांना थोरल्या बंधूंच्या निधनानंतर, इ.स. १६९० मध्ये मिळाला. पुढे ते वसाहतीच्या विधानसभेचे अध्यक्ष व इ.स. १७२६-२७ मध्ये हंगामी गव्हर्नर झाले. इंग्लंडमधील फेअरफॅक्स घराण्याच्या 'नॉर्दर्न नेक' या जहागिरीचे ते मुखत्यार होते. जमिनी वाटण्याचा हा अधिकार वापरून त्यांनी पुत्रांना व आप्तांना विस्तीर्ण भूखंड मिळवून दिले. मृत्यूसमयी त्यांच्याकडे सुमारे ३,००,००० एकर जमीन व शेकडो गुलाम होते.

वारसा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारे बेंजामिन हॅरिसन हे त्यांच्या कन्येचे पुत्र, तर राष्ट्राध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन हे पणतू होत. सेनापती रॉबर्ट ई. ली हेही त्यांचे वंशज होते.

त्यांचे नातू रॉबर्ट कार्टर तिसरे यांना वारशाने जमिनीसोबत गुलामही मिळाले होते. धार्मिक विचारांत परिवर्तन झाल्यावर त्यांनी इ.स. १७९१ मध्ये दस्तऐवज नोंदवून ४५० हून अधिक गुलामांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याची व्यवस्था केली. शेजारच्या मळेवाल्यांचा रोष पत्करून घेतलेला हा निर्णय अमेरिकेत यादवी युद्धापूर्वी एका व्यक्तीने केलेल्या सर्वांत मोठ्या गुलाममुक्तींपैकी एक मानला जातो.