येल्लाप्रगड सुब्बाराव

शाळेच्या पटांगणावर शर्यत धावतांना पायांच्या स्नायूंना लागणारी शक्ति येते कोठून? सकाळच्या भाकरींतून, असें आपण चटकन् सांगूं. आणि तें खरेंहि आहे. परंतु भाकर आणि स्नायु यांच्यामध्यें एक मध्यस्थ आहे. त्या मध्यस्थाचा शोध लावणाऱ्यांपैकीं एक पुरुष आपल्याच देशांतला. आपल्या त्र्यंबकेश्वरीं उगम पावणारी गोदावरी जेथें समुद्राला मिळते, त्या मुलखांत तो जन्मला. मॅट्रिकच्या परीक्षेंत तो दोनदां नापास झाला होता, हेंहि आधींच सांगून ठेवतों.

येल्लाप्रगड सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजीं भीमवरम् येथें झाला. घरची स्थिति बेताची. तेराव्या वर्षीं, काशीस जाऊन यात्रेकरूंना केळीं विकावीं व श्रीमंत व्हावें, असा बेत करून स्वारी घरांतून पळाली. आईनें परत आणलें. दागिने मोडून तिनें मुलाला शिकविलें. तिसऱ्या प्रयत्नांत मॅट्रिक होऊन सुब्बाराव मद्रासच्या वैद्यकीय कॉलेजांत गेले. तेथें गांधीजींच्या हाकेस ओ देऊन त्यांनीं खादी धारण केली. त्यामुळें एका अध्यापकाची इतराजी ओढवली आणि मोठ्या पदवीऐवजीं एल्. एम्. एस्. ही कमी दर्जाची पदवी पदरीं पडली. याच तारुण्यांत त्यांच्या मनावर मोठा आघात झाला. संग्रहणीच्या दुखण्यानें त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतरानें दगावले. त्यांना कांहीं करतां आलें नाहीं. कारण त्या रोगावर त्या वेळीं कोणापाशींच औषध नव्हतें.

पत्नीला मागें ठेवून १९२२ सालीं ते अमेरिकेंत बोस्टन येथें पोहोंचले. मायदेशीं परतणें पुढें कधींच घडलें नाहीं. पोटासाठीं त्यांनीं इस्पितळांत हलकीं कामें केलीं. पुढें हार्वर्ड विद्यापीठांत सायरस फिस्के यांच्या हाताखालीं ते रसायनाच्या कामास लागले.

काम दिसायला रुक्ष होतें : रक्त, मूत्र, स्नायु यांत फॉस्फरस किती आहे तें मोजावयाचें. १९२५ मध्यें या दोघांनीं त्याची एक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. फॉस्फेटशीं मोलिब्डेट मिळवून त्याचें क्षपण केलें, म्हणजे त्याला विद्युत्कण देऊं केले, कीं निळा रंग उमटतो. रंग जितका गडद तितका फॉस्फरस अधिक. परंतु स्नायूचा अर्क घेतला कीं हा निळा रंग वेळेवर येईना. तो रेंगाळत, हळूहळू चढे. दुसऱ्या एखाद्यानें तो प्रयोग फसला म्हणून फेंकून दिला असता. या दोघांनीं मात्र रंग कां रेंगाळतो, याचाच पिच्छा पुरविला. तेव्हां कळलें, कीं स्नायूंत एक नाजूक द्रव्य आहे आणि तें आम्लांत हळूहळू फुटून आपला फॉस्फेट सोडतें. तें फॉस्फोक्रिएटिन होय (१९२७). त्याच वर्षीं इंग्लंडांतहि एगल्टन दांपत्याला हेंच द्रव्य आढळलें. स्नायु आकुंचन पावतो तो लॅक्टिक आम्लामुळें, अशी तेव्हांची मान्य उपपत्ति होती. तिला येथून तडा जाऊं लागला. पुढें १९२९ मध्यें फिस्के-सुब्बाराव यांना अमेरिकेंत आणि कार्ल लोमान यांना जर्मनींत, स्वतंत्रपणें, दुसरें द्रव्य सांपडलें. तें अडेनोसीन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच एटीपी. आमचा मध्यस्थ तो हाच.

त्याचें काम काय? साखर हा बंदा रुपया. पेशीच्या बाजारांत तो चालत नाहीं, खुर्दा लागतो. एटीपीच्या अंगीं तीन फॉस्फेट असतात; शेवटचा सुटला कीं कामापुरती शक्ति मिळते. मग रिता झालेला कण पुन्हां भरावा लागतो. साखर पेशींत जळते खरी, पण चुलींतल्या लाकडासारखी भडकून नव्हे. तिच्यांतील हायड्रोजन व विद्युत्कण एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे सोंपविले जातात. देणाऱ्याचें ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचें क्षपण! शेवटीं प्राणवायु ते घेतो व पाणी होतें. या पायऱ्या उतरतांना सुटणाऱ्या शक्तीनें तिसरा फॉस्फेट पुन्हां जोडला जातो. अंगांतला साठा फार थोडा; म्हणून एकेक कण दिवसांतून शेंकडों वेळां रिता होतो आणि भरतो. धांवेच्या पहिल्या कांहीं क्षणांत तो भरून देतें तें फॉस्फोक्रिएटिन. हा उलगडा पुढें अनेकांनीं केला. सुब्बारावांच्या हयातींत तो अर्धाच झाला होता.

एवढें करूनहि हार्वर्डमध्यें त्यांना कायमची जागा मिळाली नाहीं. १९४० मध्यें ते लेडर्ले या औषधांच्या कारखान्यांत गेले. तेथें त्यांच्या देखरेखीखालीं १९४५ सालीं फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीनें तयार झालें आणि तें संग्रहणीवर गुणकारी ठरलें. भावांना जाऊन तेव्हां वीसाहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. त्याच प्रयोगशाळेंतलें अमिनोप्टेरिन १९४७ मध्यें डॉक्टर सिडनी फार्बर यांनीं रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या मुलांना दिलें; कांहींचा रोग कांहीं काळ ओसरला. तोंवर त्या मुलांसाठीं डॉक्टरांच्या हातीं कांहींच नव्हतें.

ऑगस्ट १९४८ मध्यें, वयाच्या ५३ व्या वर्षीं, अमेरिकेंतच रात्रीं झोंपेंत त्यांचा अंत झाला. भारतीय डाकखात्यानें त्यांच्या नांवाचें तिकीट काढलें तें १९९५ सालीं.