न फिरणाऱ्या चेंडूची एकवीस वर्षे

२३ एप्रिल १९५२. न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स हे मैदान. जायंट्स संघाचा एक नवा पिचर व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर पहिल्यांदाच बॅट हाती घेऊन उभा राहतो आणि बोस्टन ब्रेव्ह्जविरुद्ध थेट होमरन फटकावतो. त्या दिवशीचा विजयही त्याच्याच नावावर जमा होतो. पुढे हा खेळाडू २१ हंगाम खेळला, चारशेहून अधिक वेळा बॅट घेऊन उभा राहिला; पण दुसरा होमरन त्याच्याकडून कधीही झाला नाही. हॉइट विल्हेम यांच्या कारकिर्दीची ही सुरुवात वाचणाऱ्याला चकवणारी आहे. त्यांचे नाव टिकले ते फटक्यामुळे नव्हे, तर इतरांना फटका मारता न येऊ देणाऱ्या एका विचित्र चेंडूमुळे. आणि ज्या कामाला त्या काळी फारशी प्रतिष्ठा नव्हती, ते काम जन्मभर केल्यामुळे.

त्या पहिल्या होमरनच्या वेळी त्यांचे वय २९ होते. बहुतेक पिचर या वयात आपली उत्तम वर्षे जगत असतात, काही तर उतरणीलाही लागलेले असतात. विल्हेम यांना इथवर पोहोचायला एवढा काळ का लागला, हे समजून घेण्यासाठी नॉर्थ कॅरोलायनात जावे लागते. हंटर्सव्हिल या गावी २६ जुलै १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील खंडाने जमीन कसणारे शेतकरी आणि घरात ११ भावंडे. शाळेत असताना या मुलाच्या हाती वर्तमानपत्रातले एक छायाचित्र लागले. वॉशिंग्टन संघाचे डच लेनर्ड हे पिचर नकलबॉल टाकताना चेंडू कसा धरतात, ते त्यात दिसत होते. मुलाने ती पकड पाहिली, चेंडू तसाच धरला आणि फेकून पाहिला. शिकवायला कोणी गुरू नव्हता. आयुष्यभर पुरलेली विद्या त्यांनी एका छापील चित्रावरून उचलली.

या चेंडूची गंमत थोडी खुलासा मागते. बेसबॉलमधला पिचर साधारण साडेअठरा मीटरवरून चेंडू फेकतो आणि तो जमिनीवर टप्पा न घेता थेट बॅटरकडे जातो. त्यामुळे खेळपट्टीची मदत नाही. जी काही करामत करायची ती हवेत. इतर पिचर चेंडूला जोराची फिरकी देऊन तो वळवतात. नकलबॉल टाकणारा नेमके उलटे करतो. चेंडू नखांच्या आणि बोटांच्या टोकांनी धरून तो असा सोडतो, की तो जवळजवळ फिरतच नाही. मग चेंडूच्या शिवणीवर हवा कधी एका बाजूने, कधी दुसऱ्या बाजूने अडते आणि चेंडू वाटेत डुलतो, हेलकावतो, शेवटच्या क्षणी खाली बसतो. तो कुठे जाईल हे बॅटरला कळत नाही. टाकणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. आपल्याकडे २०११ च्या विश्वचषकात श्रीरामपूरच्या झहीर खानने ‘नकल बॉल’ टाकून फलंदाजांना बुचकळ्यात टाकले होते, ते अनेकांना आठवत असेल. नाव तेच, पकडीचे नातेही जवळचे. मात्र झहीरच्या भात्यातले ते एक जादा अस्त्र होते. विल्हेम यांचे तेच एकमेव शस्त्र होते.

आणि अडचण तिथेच होती. वेगवान चेंडू नसलेल्या तरुण पिचरकडे बेसबॉलचे पारखी संशयाने पाहत. नकलबॉल हा खांदा गेलेल्या, वय झालेल्या पिचरांचा शेवटचा आधार, अशी समजूत होती. विशीतल्या मुलाने त्याच्यावरच उपजीविका करायची म्हणजे त्याच्यात दुसरे काही नाही, असाच अर्थ काढला जाई. १९४२ मध्ये विल्हेम मूर्सव्हिल या गावच्या संघातून अगदी खालच्या श्रेणीच्या स्पर्धेत खेळू लागले आणि लगेच युद्धाचे बोलावणे आले.

युरोपच्या आघाडीवर ९९ व्या पायदळ डिव्हिजनमध्ये ते होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात आर्देनच्या जंगलात जर्मनांनी जी शेवटची मोठी चढाई केली, त्या लढाईत ते जखमी झाले. ‘पर्पल हार्ट’ हे पदक मिळाले आणि पाठीत तोफगोळ्याचा एक तुकडा कायमचा राहिला. पुढच्या हजारावर सामन्यांत चेंडू फेकला गेला तो या तुकड्यासह. सैन्यातून परतल्यावर पुन्हा मूर्सव्हिल, पुन्हा तळापासून सुरुवात. १९४६ आणि १९४७ या दोन्ही हंगामांत त्यांनी तिथे वीस किंवा विसावर सामने जिंकून दिले, तरी एकेक पायरी चढून मिनियापोलिसपर्यंत आणि तिथून जायंट्सपर्यंत जायला आणखी चार-पाच वर्षे गेली.

या सर्व खालच्या संघांत विल्हेम सामना सुरू करणारे पिचर होते. जायंट्सचे व्यवस्थापक लिओ डुरोशर यांनी त्यांना बदली पिचरांच्या रांगेत बसवले. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो आणि एका पिचरने तो सुरू केला, की शक्यतो त्यानेच संपवावा, अशी त्या काळची रीत होती. तो थकला किंवा मार खाऊ लागला, तर मैदानाच्या कडेला, ‘बुलपेन’ नावाच्या जागेत हात गरम करत बसलेल्या दुसऱ्या पिचरला बोलवायचे. हाच रिलीफ पिचर. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, म्हणून आलेल्याला निभावून न्यावेच लागते. क्रिकेटमधल्या बदली गोलंदाजासारखे हे नाही. दोन षटके टाकून सीमारेषेवर जायचे आणि पुन्हा यायचे, ही मुभा इथे नाही. बेसवर प्रतिस्पर्धी धावपटू उभे आहेत, आघाडी एका धावेची आहे, गोंधळ दुसऱ्याने घातला आहे आणि निस्तरायला हा आला आहे, अशा अवस्थेत रिलीफ पिचरचे काम सुरू होते. तरीही बुलपेनमध्ये बसणे म्हणजे मुख्य पिचर होण्याइतकी योग्यता नसणे, असाच शिक्का तेव्हा बसत असे.

नकलबॉल आणि रिलीफ यांची सांगड तर त्याहून अवघड. कॅचरच्या हातून चेंडू निसटून मागे गेला, तर बेसवरचे धावपटू फुकटात पुढे सरकतात. तिसऱ्या बेसवरचा तर धाव काढूनच मोकळा होतो. जो चेंडू कॅचरलाही कळत नाही, तो नेमका अशा वेळी टाकायचा, हा जुगारच. डुरोशर तो खेळले आणि १९५२ च्या हंगामात विल्हेम यांनी ७१ सामन्यांत पिचिंग केले. एकही सामना स्वतः सुरू न करता त्यांनी १५ विजय मिळवले, फक्त ३ पराभव स्वीकारले. दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर किती धावा पडतात, हे त्याच्या गुणवत्तेचे मुख्य माप. त्यांची सरासरी २.४३ होती, नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी. नवोदितांचा पुरस्कार मात्र ब्रुकलिनच्या जो ब्लॅक यांना गेला. तेही प्रामुख्याने रिलीफ पिचरच होते, एवढाच काय तो दिलासा. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, जायंट्सनी क्लीव्हलंडला सरळ चार सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. विल्हेम त्या मालिकेत दोन सामने खेळले. त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव वर्ल्ड सिरीज ठरली.

चेंडूची किंमत मोजली ती बिचाऱ्या कॅचरांनी. १० सप्टेंबर १९५४ रोजी जायंट्सचे कॅचर रे कॅट यांच्या हातून एकाच डावात चार वेळा चेंडू निसटला. एका डावातला तो विक्रमच. विल्हेम यांची प्रत्येक चांगली कामगिरी अशी कोणाच्या तरी फजितीशी जोडलेली असे, आणि बोट दाखवले जाई ते कॅचरकडे.

१९५७ मध्ये जायंट्सनी त्यांना सेंट लुईसला देऊन टाकले. सेंट लुईसने हंगाम संपायच्या आत क्लीव्हलंडकडे धाडले आणि क्लीव्हलंडनेही पुढच्या ऑगस्टमध्ये मोकळे केले. वय ३६. बाल्टिमोर ओरिओल्स संघाने त्यांना घेतले आणि तिथले व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स यांनी त्यांना सामना सुरू करायला लावले. २० सप्टेंबर १९५८ रोजी, अमेरिकन लीग जिंकून बसलेल्या न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध, पावसाच्या झिमझिमीत विल्हेम नऊच्या नऊ डाव टाकत राहिले आणि यांकीजना एकही सुरक्षित फटका मारू दिला नाही. बेसबॉलमध्ये याला ‘नो-हिटर’ म्हणतात आणि मोठमोठ्या पिचरांच्या नशिबीही तो येत नाही. सामन्यातली एकुलती एक धाव ओरिओल्सचे कॅचर गस ट्रायांडोस यांच्या होमरनने आली. ज्यांनी ते न कळणारे चेंडू दिवसभर अंगावर झेलले, त्यांनीच सामना जिंकूनही दिला.

जन्मभर दुसऱ्यांचे सामने सावरणाऱ्या माणसाचा सर्वांत गाजलेला दिवस स्वतः सुरू केलेल्या सामन्यातला असावा, हा योगायोग खरा. पण त्यात लोकांच्या नजरेचाही दोष आहे. आठव्या डावात येऊन बारा चेंडूंत सामना वाचवणारा पिचर प्रेक्षक घरी पोहोचेपर्यंत विसरला जातो. ‘सेव्ह’, म्हणजे वाचवलेला सामना, ही गोष्ट अधिकृत आकडेवारीत मोजली जाऊ लागली ती १९६९ पासून. विल्हेम यांचे बहुतेक ‘सेव्ह’ मागाहून जुन्या नोंदी चाळून मोजलेले आहेत. काम झाले तेव्हा त्याला नावही नव्हते.

१९५९ चा हंगाम त्यांनी मुख्यतः सामने सुरू करण्यात घालवला आणि २.१९ च्या सरासरीने अमेरिकन लीगमध्येही पहिले आले. दोन्ही लीगमध्ये हा मान मिळवणारे ते पहिलेच. ट्रायांडोस यांचे हाल मात्र थांबेनात. तेव्हा रिचर्ड्स यांनी कॅचरसाठी एक अवाढव्य मिट बनवून घेतले, एखाद्या परातीएवढे. २७ मे १९६० रोजी यांकीजविरुद्ध कॅचर क्लिंट कोर्टनी ते घालून उतरले. चेंडू एकदाही निसटला नाही आणि सामनाही जिंकला. पुढे काही वर्षांत नियम करून मिटच्या परिघाला ३८ इंचांची मर्यादा घालण्यात आली. एका माणसाच्या चेंडूमुळे खेळाचे साहित्य बदलावे आणि मग ते बदल रोखण्यासाठी नियमपुस्तकही बदलावे, असे फार थोड्यांच्या वाट्याला येते.

पण रिलीफ पिचर म्हणून विल्हेम यांचे खरे वैभव यानंतरचे, शिकागो व्हाइट सॉक्समधले आहे. १९६३ च्या आरंभी एका मोठ्या अदलाबदलीत ते तिथे गेले, तेव्हा चाळिशी उलटली होती. १९६४ ते १९६८ या पाच हंगामांतली त्यांची सरासरी अशी: १.९९, १.८१, १.६६, १.३१, १.७३. बेचाळिशीपासून सेहेचाळिशीपर्यंत सलग पाच वर्षे दोनच्या आत! या संघाने १९६४ मध्ये अजिंक्यपद एका सामन्याच्या फरकाने गमावले. विल्हेम त्या वर्षी ७३ सामन्यांत खेळले आणि २७ सामने त्यांनी वाचवले. कॅचर जे. सी. मार्टिन यांच्या हातून १९६५ मध्ये ३३ चेंडू निसटले, हे ओघाने आलेच. त्या संघात एडी फिशर हे दुसरे नकलबॉलवालेही होते, हे मार्टिन यांच्या बाजूने सांगायला हवे.

वय वाढूनही हात कसा टिकला, याचे उत्तर त्या चेंडूतच आहे. नकलबॉल संथ असतो, त्यात खांद्याला आणि कोपराला झटका बसत नाही. तरुणपणी जो दुबळेपणा वाटला, त्यानेच उतारवयात साथ दिली. बोलणे कमी, मान किंचित कलती ठेवून कॅचरकडे पाहायचे आणि चेंडू टाकायचा, अशी त्यांची मूर्ती. शिकवण्यात मात्र हात आखडता नव्हता. १९६७ मध्ये संघात आलेल्या विल्बर वुड यांना त्यांनी सल्ला दिला, की नकलबॉल टाकायचा तर तोच टाकावा, अधूनमधून नव्हे. वुड यांनी ऐकले आणि १९७१ पासून सलग चार हंगाम विसावर किंवा वीस विजय नोंदवले.

२४ जुलै १९६८ रोजी विल्हेम ९०७ वा सामना खेळले आणि साय यंग यांचा ५७ वर्षे अबाधित असलेला विक्रम मागे पडला. त्यानंतर कॅलिफोर्निया एंजल्स, अटलांटा ब्रेव्ह्ज, काही दिवस शिकागो कब्ज, पुन्हा अटलांटा, शेवटी लॉस एंजेलिस डॉजर्स. १० मे १९७० रोजी ते १००० सामने खेळणारे पहिले पिचर झाले. १० जुलै १९७२ ला शेवटचा सामना झाला आणि २१ जुलैला डॉजर्सनी त्यांना निरोप दिला. पन्नासावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. जगाला मात्र ते ४९ पूर्ण करत आहेत असे वाटत होते, कारण त्यांचे जन्मवर्ष दीर्घकाळ १९२३ असे छापले जाई. एकूण ९ संघ, १०७० सामने, त्यांतले स्वतः सुरू केलेले फक्त ५२. १४३ विजय, सव्वादोनशेहून अधिक वाचवलेले सामने आणि २.५२ ची सरासरी.

एवढे असूनही हॉल ऑफ फेमच्या दारात त्यांना ताटकळावे लागले. तिथे प्रवेशासाठी बेसबॉल लेखकांची ७५ टक्के मते लागतात. १९७८ पासून दरवर्षी त्यांचे नाव मतदानाला येई आणि दरवर्षी मागे राही. १९८४ मध्ये तर केवळ १३ मते कमी पडली. मते देणारे मोठे जाणकार होते, पण सामना सुरू न करणाऱ्या पिचरला थोर म्हणायचे की नाही, हेच त्यांना ठरवता येत नव्हते. अखेर १९८५ मध्ये, आठव्या खेपेला, विल्हेम निवडून आले. प्रामुख्याने रिलीफ पिचर असलेल्या खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

निवृत्तीनंतर अनेक वर्षे ते यांकीजच्या कनिष्ठ संघांतल्या मुलांना पिचिंग शिकवत राहिले. त्यांचा १०७० सामन्यांचा विक्रम १९९८ मध्ये डेनिस एकर्स्ली यांनी मोडला. तेही रिलीफ पिचर. तोवर सामन्याचा केवळ शेवटचा डाव टाकणारा पिचर प्रत्येक संघाला हवासा झाला होता आणि त्याला मानधनही घसघशीत मिळत होते. २३ ऑगस्ट २००२ रोजी फ्लोरिडातील सारासोटा येथे विल्हेम यांचे निधन झाले. पाठीतला तो तुकडा शेवटपर्यंत तिथेच होता.