तोयोतोमी हिदेयोशी : शेतकऱ्याचा मुलगा, जपानचा सत्ताधीश

मध्ययुगीन युरोपातील सरंजामशाही आपण इतिहासात शिकतो. राजा सरदाराला जमीन देई, सरदार निष्ठेची शपथ घेऊन युद्धात सैन्य पुरवी आणि तळाशी शेतकरी राबे. जपानमध्येही बरीचशी अशीच व्यवस्था होती. तेथील मोठ्या सरदारांना दाइम्यो आणि योद्ध्यांना सामुराई म्हणत. या व्यवस्थेच्या तळातून थेट शिखरावर पोहोचलेला पुरुष म्हणजे तोयोतोमी हिदेयोशी.

त्याचा जन्म १५३७ च्या सुमारास ओवारी प्रांतातील नाकामुरा या खेड्यात झाला. वडील शेतकरी, प्रसंगी पायदळात लढत. घराण्याला आडनावसुद्धा नव्हते. तरुणपणी तो ओदा नोबुनागा या दाइम्योकडे चाकरीला लागला. धन्याची पादत्राणे सांभाळण्याचे काम त्याच्याकडे होते, असे सांगतात. जपानमध्ये तेव्हा शंभर वर्षे यादवी चालू होती. अशा काळात कुळापेक्षा कर्तृत्वाला किंमत येते. हिदेयोशी पायरी पायरीने सेनापती झाला.

१५८२ मध्ये क्योतो येथे नोबुनागाच्याच एका सरदाराने दगा केला आणि त्यात नोबुनागाचा अंत झाला. हिदेयोशी तेव्हा दूर एका किल्ल्याला वेढा घालून बसला होता. त्याने शत्रूशी तातडीने तह केला, सैन्यासह वेगाने माघारी येऊन दोन आठवड्यांच्या आत त्या फितुराचा पराभव केला. १५८५ मध्ये सम्राटाने त्याला कांपाकू हे सर्वोच्च पद दिले. १५९० पर्यंत सारा जपान त्याच्या सत्तेखाली आला.

सत्ता हाती आल्यावर त्याने काय केले? देशभर जमिनीची मोजणी करून उत्पन्न तांदळाच्या मापात, म्हणजे कोकूमध्ये, नोंदवले. एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडील तलवारी जप्त करण्याचा हुकूम निघाला. १५९१ मध्ये सामुराईने शेतकरी होऊ नये आणि शेतकऱ्याने शेती सोडू नये, असे फर्मान निघाले.

युरोपातही असेच घडले होते. जर्मनीचा राजा फ्रेडरिक बार्बारोसा याने ११५२ मध्येच शेतकऱ्यांना भाला व तलवार बाळगण्यास बंदी केली होती. फरक एवढाच, की बार्बारोसा जन्माने सरदार होता, तर हिदेयोशी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा होता. दुसराही एक फरक पडला. युरोपातील सरदाराचे बळ त्याच्या स्वतःच्या जमिनीत होते. जपानमधील बहुतेक सामुराई मात्र पुढे गाव सोडून किल्ल्याभोवतीच्या शहरात राहू लागले आणि धन्याकडून मिळणाऱ्या तांदळाच्या वेतनावर जगू लागले.

हिदेयोशीने १५९२ व १५९७ मध्ये कोरियावर स्वाऱ्या केल्या. त्यांत अपार प्राणहानी झाली, हाती काहीच लागले नाही. १५९८ मध्ये तो मरण पावला, तेव्हा मुलगा अवघा पाच वर्षांचा होता. १६१५ मध्ये तोकुगावा घराण्याने ओसाकाचा किल्ला जिंकला आणि हिदेयोशीचा वंश संपला.

त्याने आखलेली समाजाची चौकट मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. तोकुगावांच्या काळात देशाला अडीचशे वर्षांची शांतता लाभली, हे खरे. पण त्या शांततेत नाकामुरासारख्या खेड्यातील दुसऱ्या एखाद्या हुशार मुलाला हिदेयोशी होण्याची वाट उरली नव्हती. ती वाट हिदेयोशीनेच बंद केली होती.