हेन्री हॅवलॉक

सर हेन्री हॅवलॉक (५ एप्रिल १७९५ – २४ नोव्हेंबर १८५७) हा भारतात दीर्घकाळ सेवा बजावलेला इंग्लिश सेनानी व बाप्टिस्ट पंथाचा अनुयायी होता. १८५७ च्या उठावात नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव करून कानपूर घेणारा सेनापती म्हणून मराठी वाचकांना तो परिचित आहे. त्याआधी सुमारे तीन दशके त्याने आपल्या पलटणीतील गोऱ्या शिपायांसाठी प्रार्थनासभा, बायबलचे वर्ग आणि दारूबंदीचे कार्य चालविले. ब्रिटिश लष्करातील ख्रिस्ती धर्मसेवेच्या इतिहासात त्याचे नाव प्रामुख्याने घेतले जाते.

प्रारंभिक जीवन

हॅवलॉकचा जन्म इंग्लंडमधील संडरलंडजवळील बिशपवेअरमथ येथे झाला. त्याचे वडील जहाजबांधणीचा व्यवसाय करीत. लंडनच्या चार्टरहाउस शाळेत शिक्षण घेतल्यानंतर १८१३ मध्ये त्याने कायद्याच्या अभ्यासास आरंभ केला. परंतु वडिलांचे अर्थसाहाय्य थांबल्यामुळे तो अपुरा राहिला. १८१५ मध्ये, वॉटर्लूच्या लढाईनंतर, तो ९५ व्या रायफल पलटणीत अधिकारी म्हणून दाखल झाला.

त्या काळी ब्रिटिश सैन्यातील बढत्या बहुतांशी पैसे भरून विकत घेतल्या जात. हॅवलॉकजवळ पैसा नव्हता. परिणामी कॅप्टन होण्यास त्याला १८३८ पर्यंत, म्हणजे २३ वर्षे वाट पाहावी लागली. भारतात जाण्याचे ठरल्यावर त्याने लंडनमध्ये जॉन गिलख्रिस्ट यांच्याकडे हिंदुस्तानी व फारसी भाषांचे अध्ययन केले. १८२३ मध्ये १३ व्या पलटणीबरोबर तो जहाजाने भारताकडे निघाला. या प्रवासात जेम्स गार्डनर या सहकारी अधिकाऱ्याच्या सहवासात त्याची धर्मश्रद्धा दृढ झाली.

सैनिकांमधील धर्मकार्य

पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात (१८२४–२६) हॅवलॉक रंगूनला होता. तेथील श्वेडगॉन पॅगोडाच्या आवारातील एका दालनात तो शिपायांना जमवून प्रार्थना चालवीत असे. बौद्धांच्या या पवित्र स्थळी परक्या फौजेचा तळ पडलेला होता, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या सभेतील शिपाई पलटणीत थट्टेचा विषय झाले होते. मात्र एकदा अचानक हल्ल्याचा प्रसंग आला आणि नेमलेली तुकडी नशेमुळे निकामी ठरली, तेव्हा सेनापती आर्चिबाल्ड कॅम्पबेल याने हॅवलॉकच्याच माणसांना पाचारण केले, असा प्रसंग त्याच्या चरित्रांत सांगितला जातो.

मद्यपान हा त्या काळी गोऱ्या पलटणींपुढील मोठा प्रश्न होता. शिपायांना शिध्याबरोबर दारू मिळे. छावणीतील रिकामा वेळ, उष्ण हवामान आणि घरापासूनचा दुरावा यांमुळे व्यसन वाढे. त्यातून आजार, फटक्यांच्या शिक्षा व अकाली मृत्यू ओढवत. विवाहित शिपायांपैकी मोजक्यांनाच कुटुंब पलटणीबरोबर ठेवण्याची परवानगी असे. अशा घरात पगार दारूत गेला, की बायकामुलांना दुसरा आधार नसे. यामुळे हॅवलॉकने धर्मोपदेशाबरोबरच दारूबंदी मंडळाच्या कामावरही भर दिला.

९ फेब्रुवारी १८२९ रोजी त्याचा विवाह श्रीरामपूर (बंगाल) येथील बाप्टिस्ट मिशनरी जोशुआ मार्शमन यांची कन्या हॅना हिच्याशी झाला. पुढील वर्षी श्रीरामपूर येथेच त्याने बाप्टिस्ट पद्धतीने बाप्तिस्मा घेतला. अधिकारी वर्गात प्रतिष्ठा असलेले अँग्लिकन चर्च सोडून मिशनऱ्यांच्या पंथात जाणे हे बढतीच्या दृष्टीने गैरसोयीचेच होते.

पलटणीच्या ॲड्ज्युटंटपदासाठी त्याचे नाव पुढे आले, तेव्हा त्याच्या धर्मकार्याविरुद्ध तक्रारी झाल्या. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक याने पलटणीतील शिक्षांची नोंद तपासली. हॅवलॉकच्या सभेला जाणाऱ्या शिपायांचे वर्तन इतरांपेक्षा चांगले असल्याचे तीत दिसून आले आणि १८३५ मध्ये त्याची नेमणूक झाली.

१८३६ मध्ये लंढौर येथे त्याच्या बंगल्याला आग लागली. तीत हॅना गंभीर भाजली व त्यांची तान्ही मुलगी दगावली. आर्थिक नुकसानही मोठे झाले. हे कळताच पलटणीतील शिपायांनी प्रत्येकी एक महिन्याचा पगार देऊ केला. हॅवलॉकने तो स्वीकारला नाही.

युद्धे व मुंबईतील कारकीर्द

पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात हॅवलॉक गझनीच्या लढाईत व जलालाबादच्या वेढ्यात (१८४१–४२) होता. वेढ्याच्या काळात शिपायांना दारू मिळत नव्हती आणि त्यांचे आरोग्य व शिस्त मात्र उत्तम राहिली. या अनुभवामुळे दारूबंदीविषयीचे त्याचे मत अधिक पक्के झाले. २९ डिसेंबर १८४३ रोजी शिंद्यांच्या फौजेविरुद्ध झालेल्या महाराजपूरच्या लढाईत आणि त्यानंतर पहिल्या इंग्रज-शीख युद्धातही त्याने भाग घेतला.

त्यानंतर त्याची मुंबई येथे राणीच्या सैन्याचा डेप्युटी ॲड्ज्युटंट जनरल म्हणून नेमणूक झाली. प्रकृती खालावल्यामुळे १८४९ मध्ये तो रजेवर युरोपात गेला. १८५१ मध्ये परतताना मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब जर्मनीतील बॉन शहरी ठेवावे लागले. पत्नी व लहान मुलींशी त्याची पुन्हा भेट झाली नाही.

१८५७ चा उठाव

१८५७ च्या आरंभी मुंबईहून इराणवर गेलेल्या मोहिमेत हॅवलॉक जेम्स आउट्रमच्या हाताखाली होता. मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत परतताच त्याला उठावाची बातमी समजली. तो समुद्रमार्गे निघाला. वाटेत सिलोनजवळ जहाज फुटले, तरी १७ जून रोजी तो कलकत्त्यास पोहोचला.

७ जुलै रोजी अलाहाबादहून कूच करून त्याने फतेपूर (१२ जुलै), आँग व पांडू नदी (१५ जुलै) आणि कानपूर (१६ जुलै) येथील लढाया जिंकल्या. १७ जुलै रोजी फौज कानपुरात शिरली, तेव्हा बीबीघरातील इंग्रज स्त्रिया व मुलांची हत्या आधीच झाली होती. शहरातील सर्व दारू त्याने सरकारी खात्यातर्फे विकत घेऊन ताब्यात ठेवली आणि लूट करणाऱ्या गोऱ्या शिपायांना फाशी देण्याचा हुकूम काढला. २५ सप्टेंबर रोजी आउट्रमसह तो लखनौच्या रेसिडेन्सीत पोहोचला. परंतु मोठी हानी झाल्याने तीच फौज आत अडकून पडली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर थोड्याच दिवसांत दिलखुशा येथे आमांशाने त्याचा मृत्यू झाला. आलमबाग येथे त्याचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन व स्मारके

व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडने हॅवलॉकला आदर्श ख्रिस्ती योद्धा मानले. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात १८६१ मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला. भारतीय दृष्टीने हे चित्र एकांगी ठरते. त्याच्या कूचमार्गावर पुढे गेलेल्या तुकडीने अनेक गावकऱ्यांना झाडांवर फाशी दिले होते आणि फतेपूर शहर लुटून जाळण्यात आले. आपल्या शिपायांच्या आत्मिक व कौटुंबिक हिताची काळजी वाहणारा हा सेनापती ज्या सत्तेसाठी लढला, तिच्या सूडाची झळ सामान्य रयतेलाही बसली.

अंदमानातील हॅवलॉक बेटाला त्याचेच नाव होते. ३० डिसेंबर २०१८ रोजी त्या बेटाचे स्वराज द्वीप असे नामांतर करण्यात आले.