खिशातला हात

पत्त्यांशिवाय जादू शिकायची म्हटलं की आधी शोधाशोध करावी लागते. जादूवरचं पुस्तक हाती आलं, तरी त्यातली निम्मी पानं पत्त्यांची असतात. उरलेल्या पानांत अशा पेट्या आणि नळकांडी असतात, की त्यांच्यासाठी सुतार गाठावा लागेल. आमच्या घरी पत्ते म्हणजे जुगार, त्यामुळे तो रस्ता बंदच होता. मला हवी होती ती बसल्या जागी, समोर पडलेल्या वस्तूंवर करता येणारी जादू. नाणं, रुमाल, सुतळी, चहाचा पेला, बस्स. या शोधात मी ज्या माणसापाशी येऊन थांबलो तो एक फ्रेंच घड्याळजी होता आणि त्याला जाऊन दीडशे वर्षं उलटली आहेत. झाँ-युजेन रोबेर-उदँ हे त्याचं नाव. जग त्याला ओळखतं ते मोठमोठ्या यंत्रांसाठी आणि रंगमंचावरच्या करामतींसाठी. पण तो जादू शिकला कसा, हे वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्याचं सगळं शिक्षण खिशात मावेल एवढ्या सामानावर झालं होतं.

त्याचा जन्म डिसेंबर १८०५ मधला, फ्रान्समधल्या ब्ल्वा गावचा. वडील घड्याळजी. मुलानं आपल्यासारखं हातांनी न राबता वकिलीच्या वाटेनं जावं ही त्यांची इच्छा (हे आपल्याकडेही नवीन नाही). म्हणून त्याला ऑर्लेआंला शिकायला ठेवलं, मग कारकुनी करायला लावली. पोराचं लक्ष मात्र चाकांत आणि दात्यांत. शेवटी वडील नमले आणि तो घड्याळाच्या धंद्यात उमेदवारी करू लागला. तेव्हा त्यानं एका पुस्तकवाल्याकडे बेर्तू नावाच्या नामांकित घड्याळजीचा ग्रंथ मागितला. पुस्तकवाल्यानं घाईत भलतेच दोन खंड बांधून दिले. घरी येऊन उघडतो तर आत वैज्ञानिक करमणुकी आणि हातचलाखी! पुस्तक परत करायचं सोडून तो रात्रभर वाचत बसला. ही हकीकत त्यानंच पन्नाशी ओलांडल्यावर लिहिलेल्या आत्मचरित्रात आहे, तेव्हा ती एका जादूगारानं स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट आहे हे ध्यानात ठेवून वाचावी.

पुस्तकानं त्याची अडचण सुटली नाही, उलट तिथूनच ती सुरू झाली. करामतीमागचं गुपित कळलं, पण ते बोटांत कसं उतरवायचं हे पुस्तक सांगत नव्हतं. मग त्यानं गावातच गुरू शोधला. हा गुरू धंद्यानं लोकांच्या पायांची कुरपं काढायचा, आणि त्याला चेंडू झेलता यायचे. त्याला थोडे पैसे देऊन रोबेर चेंडू झेलायला शिकला. चार चेंडू हवेत खेळते ठेवणं जमल्यावर त्यानं समोर पुस्तक उघडं ठेवलं आणि चेंडू न चुकवता वाचायचा सराव केला. डोळे अक्षरांवर, हात आपापल्या कामावर. मला हा सगळ्या आत्मचरित्रातला सर्वांत कामाचा भाग वाटतो. हातचलाखी उघडी पडते ती बहुतेक वेळा हातामुळे नव्हे, तर आपणच आपल्या हाताकडे बघतो म्हणून. तीसेक वर्षांच्या खंडानंतर त्यानं पुन्हा करून पाहिलं, तर तीन चेंडू झेलत वाचणं अजून जमत होतं म्हणे.

दुसरा सराव खिशातला. त्या काळच्या कोटाला नेमके हात जातील असे मोठे खिसे असत. त्या खिशांत तो नाणी आणि बुचाच्या लहान गोळ्या ठेवी (पत्तेही ठेवी, पण ते आपण सोडून देऊ). रस्त्यानं चालताना, कुणाशी गप्पा मारताना, वरून चेहरा अगदी सभ्य आणि आत खिशात बोटांची कसरत चालू. नाणं तळहाताच्या घडीत धरून ठेवायचं आणि तरी हात मोकळा, सैल दिसला पाहिजे. मी हे करून पाहतो आहे. पाच रुपयांचं नाणं त्यासाठी फार लहान आणि जाड पडतं, दहाचं बरं.

यापुढे आत्मचरित्रात तोरिनी नावाचा एक फिरता जादूगार येतो. तो आजारी रोबेरला आपल्या गाडीत घेतो, शुश्रूषा करतो आणि विद्या देतो. प्रसंग असे रंगवले आहेत की वाचताना डोळ्यांत पाणी यावं. पण संशोधकांना अशा माणसाचा कागदोपत्री मागमूस लागलेला नाही. बहुधा तो लेखणीतूनच जन्मला. मला याचा राग येत नाही, मात्र शिकण्याचं साधन म्हणून ही प्रकरणं बाजूला ठेवावीत.

१८३० मध्ये त्यानं पॅरिसच्या उदँ नावाच्या घड्याळजीच्या मुलीशी लग्न केलं आणि तिचं आडनाव आपल्या नावाला जोडलं. पुढची पंधरा वर्षं यंत्रं बनवण्यात गेली. ३ जुलै १८४५ ला पॅरिसच्या पाले रोयालमध्ये त्यानं स्वतःचं छोटं थिएटर उघडलं. तोवरचे जादूगार लांब झगे घालत आणि टेबलं जमिनीपर्यंत कापडानं झाकत. यानं संध्याकाळच्या मेजवानीला घालतात तसा साधा काळा पोशाख घातला आणि टेबलांचे पाय उघडे ठेवले. जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट, ही समज त्याची.

त्याचा धाकटा मुलगा एका दांड्यावर कोपर टेकून हवेत आडवा झोपलेला दिसे, तो प्रयोग १८४७ चा. ईथरची तेव्हा नवलाई होती, म्हणून यानं तो ईथरचा परिणाम असल्याचं भासवलं. १८३० च्या सुमारास मद्रासेत शेषाल नावाचा एक ब्राह्मण दांड्यावर हात टेकून हवेत बसलेला लोकांनी पाहिला होता, त्याच जातीची ही करामत. पण मला त्याहून भावतो तो थोरल्या मुलाबरोबरचा प्रयोग. बाप प्रेक्षकांत फिरून वस्तू हातात घेई आणि डोळे बांधलेला एमिल मंचावरून ती ओळखे. बोलण्यात लपवलेले संकेत तर होतेच. त्याशिवाय दोघं खेळण्यांच्या दुकानावरून न थांबता जात, आणि थोडं पुढं गेल्यावर काय काय दिसलं ते कागदावर उतरवत. यात मुलगा बापाला मागं टाकू लागला. शनिवारच्या बाजारात एक फेरी मारून हे करून बघा, सामान काहीच लागत नाही.

आता अल्जीरिया. या भागाबद्दल गप्प बसणं मला जमणार नाही. १८३० पासून तो देश फ्रेंचांच्या टाचेखाली होता आणि मराबूत नावाच्या फकिरांचा लोकांवर मोठा प्रभाव होता. तो मोडण्यासाठी सरकारनं १८५६ मध्ये या निवृत्त जादूगाराला तिकडे नेलं. आपली एक छोटी पेटी तो धट्ट्याकट्ट्या माणसाला उचलायला लावी. खाली विद्युतचुंबक होता, पेटी हलत नसे. पुढे देशाच्या आतल्या भागात एका मराबूतानं त्याच्यावर पिस्तूल झाडण्याची परवानगी मागितली. जवळ नेहमीचं साहित्य नाही. त्यानं प्रार्थनेच्या नावाखाली सकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला, आणि रात्री मेणाच्या दोन पोकळ गोळ्या घडवून, काजळी लावून त्या शिशाच्या दिसतील अशा केल्या. एकीत स्वतःच्या अंगठ्याचं रक्त भरलं. सकाळी पहिला बार त्याच्यावर झाला आणि गोळी त्याच्या दातांत दिसली. दुसरा बार त्यानं पांढऱ्या भिंतीवर केला, तिथं रक्ताचा डाग उमटला. मराबूतानं बोट लावून चाखून पाहिलं.

आयत्या वेळी, हाताशी असेल त्यातून करायच्या जादूचा याहून मोठा नमुना मला ठाऊक नाही. तरीही शाबासकी देववत नाही. थिएटरात तिकीट काढून बसलेला माणूस फसायला राजी असतो. इथं फसवणाऱ्याच्या मागं फौज उभी होती. हे सगळं कसब आहे, चेटूक नव्हे, असं दुभाष्यांकरवी लोकांना नंतर सांगितलं गेलं, हे त्यानंच नोंदवलं आहे, आणि ती जमेची बाजू. पण कबायली डोंगर १८५७ मध्ये जिंकले ते फौजेनंच, जादूच्या पेटीनं नव्हे.

म्हाताऱ्या वयात तो ब्ल्वाजवळ सां-जेर्वेला राहिला. तिथल्या घराचं फाटक विजेवर उघडे आणि घोड्याला घड्याळाच्या ठोक्यावर आपोआप दाणा पडे. शिकणाऱ्यांसाठीचं खरं पुस्तक त्यानं इथं पुरं केलं. हातचलाखी आणि जादू यांची रहस्यं उलगडणारं हे पुस्तक १८६८ मध्ये निघालं. प्रोफेसर हॉफमन या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका इंग्रज बॅरिस्टरनं १८७८ मध्ये त्याचं इंग्रजी केलं. तो अनुवाद आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पत्त्यांचा भाग खुशाल ओलांडा. बुचाच्या गोळ्या, नाणी आणि पेले यांची प्रकरणं सावकाश वाचा. पेल्यांचा खेळ म्हणजे आपल्या गारुड्याचा वाट्या-गोळ्यांचा खेळच. इथं तोरिनी नाही, अश्रू नाहीत. कुठलं बोट कुठं, नजर कुठं, त्या वेळी तोंडानं काय बोलायचं, एवढंच.

१८७० च्या प्रशियाबरोबरच्या युद्धात त्याचा मुलगा युजेन वर्थच्या लढाईत जखमी होऊन वारला. कधीकाळी दांड्यावर हवेत झोपणारा तोच हा मुलगा. त्यानंतर बाप फार दिवस राहिला नाही. १३ जून १८७१ ला न्यूमोनियानं गेला. त्याचं थिएटर १८८८ मध्ये मेलिएसनं विकत घेतलं, ज्यानं पुढं सिनेमात जादू आणली. आणि अमेरिकेतल्या एरिक वाइस नावाच्या पोरानं ते आत्मचरित्र वाचून, उदँच्या नावाला एक अक्षर जोडून स्वतःचं नाव हुदिनी केलं. मोठा झाल्यावर त्यानं ब्ल्वाला जाऊन कबरीवर फुलं वाहिली. घरच्यांनी भेट नाकारली. १९०८ मध्ये त्याच हुदिनीनं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि आपल्या दैवतावर चोरीचे आरोप केले, त्यांतले बरेच पुढं टिकले नाहीत. नाव मात्र त्यानं मरेपर्यंत तेच लावलं.