शब्दांचे पारखी मोल्सवर्थ

‘पाणी’ म्हणताच हिंदमातेच्या आम्हां रहिवाशांस पावसाळ्यात तुंबणारा रस्ता आठवतो. परंतु तलवारीचे पाणी, मोत्याचे पाणी, माणसाच्या अंगचे पाणी हे अर्थही मराठीचेच. असे अर्थ पारखून नोंदविणारे जेम्स थॉमस मोल्सवर्थ १७९५ साली जन्मले. लष्करी नोकरीस आलेल्या या परकीयाने शास्त्रीमंडळी व कँडी बंधू यांच्या साहाय्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी गेले, तरी पुन्हा येऊन १८५७ साली सुमारे ६०,००० शब्दांची सुधारित आवृत्ती त्यांनी दिली. लोक त्यांस मोलेसरशास्त्री म्हणत. १८७१ साली ते निवर्तले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचे धंद्याचे शब्द ज्ञातिबंधुभगिनींनी वेळीच, अर्थ विचारून, टिपून ठेवावेत, अशी आमची नम्र विनंती आहे.