होगलँड सोल्यूशन: ज्यांच्या नावाने बिनमातीची शेती चालते, त्यांनीच तिच्यातली हवा का काढली होती?

रील उघडली की पांढरे पीव्हीसी पाइप, त्यांना गोल भोकं आणि प्रत्येक भोकात टवटवीत लेट्यूस. माती नाही, तण नाही, चिखल नाही. हायड्रोपोनिक्सच्या अशा व्हिडिओत थोडं खोलात गेलं की एक नाव हमखास कानावर पडतं. होगलँड सोल्यूशन.

अनेकांना ही एखादी कंपनी वाटते. प्रत्यक्षात हे एका माणसाचं नाव आहे. डेनिस रॉबर्ट होगलँड, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक. ते जाऊन 75 वर्षं उलटली, तरी रोपांवर प्रयोग करणाऱ्या जगभरातल्या प्रयोगशाळांत त्यांची रेसिपी रोज बनते.

गंमत म्हणजे, हे सगळ्यात श्रेष्ठ द्रावण आहे असा दावा खुद्द होगलँड यांनी कधी केला नाही. उलट सगळ्या पिकांना, सगळ्या ठिकाणी चालेल असं एकच उत्तम द्रावण नसतंच, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावात कोणी गच्चीवर चार पाइप बसवून पालक लावायचा विचार करत असेल, तर पाकीट मागवण्याआधी या माणसाची गोष्ट माहीत असलेली बरी. कारण ती पैसे वाचवणारी आहे.

समुद्रातल्या शेवाळाने लावलेला नाद

होगलँड यांचा जन्म 2 एप्रिल 1884 चा, कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन गावचा. स्टॅनफर्डमधून त्यांनी 1907 मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी बर्कलेला कॅलिफोर्निया विद्यापीठात रुजू झाले. पण झाडांच्या नाही, जनावरांच्या पोषणाच्या प्रयोगशाळेत. पुढे विस्कॉन्सिनला एल्मर मॅकॉलम यांच्याकडेही त्यांनी काम केलं. अ जीवनसत्त्वाच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं, तेच हे मॅकॉलम. 1913 मध्ये होगलँड बर्कलेला परतले, ते कृषी रसायनशास्त्राचे सहायक प्राध्यापक म्हणून.

मग पहिलं महायुद्ध पेटलं. तेव्हा पोटॅश मुख्यतः जर्मनीतून यायचं आणि ते आता बंद झालं. अमेरिकेची खतांची गाडी अडली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला केल्प नावाचं प्रचंड मोठं समुद्री शेवाळ वाढतं आणि त्यात पोटॅशियम भरपूर असतं. त्यातून खत काढता येईल का, हे बघायचं काम होगलँड यांच्याकडे आलं.

खताचं जे व्हायचं ते झालं, पण होगलँड यांच्या डोक्यात एक प्रश्न घुसला. समुद्राच्या पाण्यात सोडियम खच्चून भरलेलं, पोटॅशियम त्या मानाने किरकोळ. तरी शेवाळाच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त कसं? म्हणजे वनस्पती पाणी नुसतं शोषत नाही, त्यातलं काय घ्यायचं ते निवडते?

पुढची अनेक वर्षं त्यांनी याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. आधी नायटेला ही गोड्या पाण्यातली वनस्पती घेतली, कारण तिच्या पेशी इतक्या मोठ्या असतात की आतला रस वेगळा काढून तपासता येतो. नंतर बार्लीची मुळं घेतली. निष्कर्ष असा निघाला की क्षार आत ओढायला झाडाला ऊर्जा खर्च करावी लागते आणि त्यासाठी मुळांना श्वास घ्यावा लागतो. हवा बंद केली की पाण्यात कितीही अन्न असो, मूळ उपाशीच. आज घरच्या टाकीत बुडबुडे सोडणारा छोटा एअर पंप असतो, त्याच्यामागचं कारण हेच.

रेसिपी आली कुठून?

झाडं पाण्यात वाढवण्याची पद्धत होगलँड यांची नाही. जर्मनीत ज्यूलियस साक्स आणि विल्हेल्म नॉप यांनी 1860 च्या दशकातच ती बसवली होती. होगलँड यांनी वेगळं काय केलं, तर सुपीक जमिनीतल्या ओलाव्यात नेमकं काय विरघळलेलं असतं ते मोजलं आणि पीक वाढताना ते आठवड्यागणिक कसं बदलतं हेही पाहिलं. त्यांच्या द्रावणाची बैठक ती आहे.

या काळातला एक किस्सा विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना जवळचा वाटेल. कॅलिफोर्नियातल्या फळझाडांना एक रोग होता, पानं बारीक राहायची आणि फांदीच्या टोकाला गुच्छ व्हायचा. भरमसाट फेरस सल्फेट टाकल्यावर काही झाडं सुधारली. सगळ्यांना वाटलं, लोह कमी होतं. चँडलर, होगलँड आणि हिबर्ड या तिघांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की झाडांना बरं करणारं लोह नव्हतंच, त्या खतात भेसळीसारखं आलेलं जस्त होतं. आज संत्र्यावर झिंक सल्फेटची फवारणी होते, तिच्यामागे अशाच कामाचा आधार आहे.

1933 मध्ये होगलँड यांच्या पत्नी जेसी न्यूमोनियाने अचानक गेल्या. घरात तीन लहान मुलगे. त्यांना वाढवतच होगलँड यांनी पुढची वर्षं काढली आणि त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम याच वर्षांतलं आहे.

25 फुटी टोमॅटो आणि भांडण

बर्कलेमध्येच विल्यम गेरिक नावाचे दुसरे शास्त्रज्ञ होते. त्यांनी 1929 मध्ये कल्पना मांडली की पाण्यातली लागवड प्रयोगशाळेत कशाला ठेवायची, तिच्यावर शेतीच करू. त्यांच्या टाक्यांत टोमॅटोचे वेल 25 फुटांपर्यंत गेले आणि शिडीवर चढून टोमॅटो तोडतानाचे फोटो गाजले. 1937 मध्ये त्यांनी या पद्धतीला हायड्रोपोनिक्स हे नाव दिलं.

काळ महामंदीचा. हाताला काम नाही, खिशात पैसे नाहीत आणि कोणीतरी सांगतंय की अंगणातल्या टाकीत घरापुरती भाजी होईल. लोक वेडे झाले नसते तरच नवल. विद्यापीठात पत्रांचा पाऊस पडला. बाजारात खतांची पाकिटं आली, सोबत वाट्टेल ते दावे. आजच्या रील्सची आठवण आली तर ती योग्यच आहे.

गेरिक यांचं म्हणणं होतं की संशोधन मी माझ्या वेळात केलंय, त्यामुळे फॉर्म्युला लगेच देणार नाही. विद्यापीठाशी त्यांचं बिनसलं आणि ते बाहेर पडले. या दाव्यांत तथ्य किती, हे तपासायची जबाबदारी होगलँड आणि त्यांचे तरुण सहकारी डॅनियल अर्नॉन यांच्यावर आली.

दोघांनी एकाच ग्रीनहाऊसमध्ये टोमॅटो तीन प्रकारे लावले. चांगल्या मातीत, वाळूत आणि पाण्यात. निगा सारखीच ठेवली. निकाल? उत्पादनात सांगण्यासारखा फरक नाही. विक्रमी आकडे यायचे, कारण काचघरातल्या लाडावलेल्या झाडांची तुलना उघड्या शेताच्या सरासरीशी व्हायची. 1938 मध्ये त्यांनी हे सगळं एका पत्रिकेत छापलं, विद्यापीठाच्या कृषी प्रयोग केंद्राचं परिपत्रक क्रमांक 347. त्यात दावेही तपासले होते आणि द्रावणाची पूर्ण कृतीही दिली होती, ज्याला हवी त्याने बनवावी म्हणून.

गेरिक यांच्यावर हे थोडं अन्यायाचं झालं, असं म्हणायला जागा आहे. पाण्यात शेती होऊ शकते हे त्यांचं म्हणणं पुढे खरंच ठरलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ओसाड बेटांवर अशी भाजी पिकवली. भारतात 1946 नंतर बंगालमधल्या कालिम्पोंगला शोल्टो डग्लस यांनी तिचं स्वस्त, साधं रूप तयार केलं. पण लोक पाकिटांमागे पैसे घालवत असताना कोणीतरी खरं सांगायला हवं होतं, आणि ते होगलँड यांनी सांगितलं.

आता पाण्याचं बघू

होगलँड यांच्या प्रचलित कृतीत एका लिटरमध्ये साधारण 210 मिलिग्रॅम नायट्रोजन, 235 पोटॅशियम, 200 कॅल्शियम, 64 गंधक, 48 मॅग्नेशियम आणि 31 मिलिग्रॅम फॉस्फरस असतं. लोह, बोरॉन, मँगनीज, जस्त, तांबं चिमूटभर. पण हा हिशेब जवळपास शुद्ध पाण्यात धरलेला आहे. बोअरचं पाणी तसं नसतं.

वाशिमचा पट्टा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलाय. या खडकातून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सहसा असतातच. भांड्याला पांढरा थर धरतो, तो त्यांचाच. समजा, एखाद्या बोअरच्या लिटरभर पाण्यात 80 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 40 मिलिग्रॅम मॅग्नेशियम निघालं. कठीणपणा झाला 360 च्या आसपास. म्हणजे रेसिपीतलं जवळजवळ सगळं मॅग्नेशियम नळातूनच आलं. वरून पाकिटातलं पूर्ण टाकलं तर दुप्पट झालं.

टीडीएस मीटर इथे फसवतो. तो क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही. साध्या पाण्याचाच आकडा 700 असेल आणि 1000 चं टार्गेट गाठायला थोडंसं खत टाकून थांबलं, तर मीटर खूश आणि पालक उपाशी. म्हणून पाण्याची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून घेणं हा किटपेक्षा आधीचा खर्च आहे.

दुसरी भानगड बायकार्बोनेटची. त्यामुळे पीएच वर चढत राहतो. घरच्या हायड्रोपोनिक्सला तो 5.5 ते 6.5 लागतो. त्याच्या वर गेला की लोह पाण्यात असूनही मुळांना मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक मग आणखी खत टाकतात. सोपा इलाज म्हणजे पावसाचं पाणी साठवून बोअरच्या पाण्यात मिसळणं. आरओचं शुद्ध पाणीही चालतं, पण त्याच्या नळीतून बाहेर टाकलं जाणारं पाणी नको, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. पीएच उतरवायला अ‍ॅसिड वापरायचं तर थेंबाथेंबाने, हातमोजे-चष्मा घालून, आणि नेहमी अ‍ॅसिड पाण्यात, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही.

खतं ए आणि बी अशा दोन बाटल्यांत येतात, त्यालाही कारण आहे. घट्ट द्रावणात कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेट एकत्र आले की जिप्समसारखा गाळ खाली बसतो आणि तो झाडाच्या उपयोगाचा नाही. दोन्ही वेगवेगळी, भरपूर पाण्यात सोडायची. पालक, लेट्यूससारख्या पालेभाज्यांना होगलँडची ताकद निम्मी केली तरी पुरते.

आणि मे महिना. विदर्भाच्या उन्हात झाड पाणी भराभर पितं, क्षार मागे राहतात, द्रावण घट्ट होतं. पातळी उतरली की खताचं पाणी न भरता आधी साधं पाणी भरून मीटर बघायचं. शिवाय 20 अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशांना 7 च मावतो. बार्लीच्या मुळांचा प्रयोग इथे आठवावा. टाकी सावलीत, बाहेरून पांढरी, झाकण घट्ट, पंप चालू. वीज गेली तर पंपाचं काय, याची सोय आधीच हवी. मुळं जसजशी खातात तसं द्रावणातलं प्रमाण बिघडत जातं, म्हणून ते ठरावीक दिवसांनी पूर्ण बदलायचं. जुनं पाणी अंगणातल्या झाडांना घालता येतं.

होगलँड यांचं निधन 5 सप्टेंबर 1949 ला झालं. पुढच्याच वर्षी अर्नॉन यांनी परिपत्रक क्रमांक 347 सुधारून पुन्हा छापलं, दोघांच्या नावाने. विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या आवारात आज होगलँड हॉल नावाची इमारत आहे.